दुसऱ्या रकान्यातला 'एक्स'

लिनक्सवर चालणाऱ्या कोणत्याही संगणकावर 'एटसी' या निर्देशिकेत 'पासडब्ल्यूडी' नावाची एक छोटी धारिका असते. प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक ओळ आणि ओळीत अपूर्णविरामाने विलग केलेले सात रकाने: नाव, परवलीचा शब्द, वापरकर्त्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, इतर माहिती, घरची निर्देशिका आणि शेल. मौज अशी, की दुसऱ्या रकान्यात आज परवलीचा शब्द नसतोच. तिथे बहुधा केवळ 'एक्स' हे अक्षर असते. मग हा रकाना काढून का टाकला गेला नाही?

1969 साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला आणि व्यवस्थेची माहिती साध्या, माणसाला वाचता येईल अशा मजकुरात ठेवण्याची रीत तिथे रुळली. 1977 मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी आपल्या आद्याक्षरांवरून 'ऑक' ही भाषा सिद्ध केली. विभाजक अपूर्णविराम आहे एवढे सांगितले, की ती प्रत्येक ओळीचे तुकडे करून त्यांना क्रमांक देते. 'तिसरा रकाना शून्य असेल तर पहिला छाप' एवढ्या एका ओळीत सर्वाधिकार कोणाकोणाकडे आहेत ते कळते. 1987 मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल आली. तिच्यात मोजणी शून्यापासून होते, पण रीत तीच.

पाचव्या रकान्याचे नाव 'गेकोस'. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स यंत्रे छपाईची कामे गेकोस प्रणालीच्या यंत्राकडे पाठवीत. त्यासाठी लागणारी ओळख या रकान्यात असे. ती यंत्रे गेली, रकान्यात माणसांची पूर्ण नावे आणि दूरध्वनी क्रमांक आले. नाव मात्र तेच राहिले.

मोकळेपणाची किंमतही होती. क्रमांकावरून नाव शोधण्यासाठी ही धारिका सर्वांना वाचता येणे आवश्यक होते, आणि परवलीचे शब्द कूटरूपात का होईना, तिच्यातच होते. 1979 मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 3,289 परवलीचे शब्द तपासले. त्यांतले 86 टक्के सहज शोधता येण्याजोगे निघाले. 2 नोव्हेंबर 1988 रोजी याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेल्या 'वर्म'ने हीच धारिका वाचली आणि वापरकर्त्यांची नावे, तीच उलटी करून, तसेच गेकोस रकान्यातील नावे परवलीचे शब्द म्हणून चालवून पाहिली. प्रशासकाची लिपी ज्या रीतीने ओळ फोडते, त्याच रीतीने घुसखोरही फोडत होता.

त्या सुमारास कूटशब्द 'शॅडो' या वेगळ्या, केवळ अधिकाऱ्याला वाचता येणाऱ्या धारिकेत हलवले जाऊ लागले. जुन्या जागी 'एक्स' ही खूण उरली. ती काढली असती तर तिसरा रकाना दुसरा झाला असता आणि वर्षानुवर्षे लिहिलेल्या असंख्य लिप्या चुकल्या असत्या. त्याहून वाईट म्हणजे त्या थांबल्याही नसत्या. 'तिसरा शून्य' तपासणारी ती ओळ वापरकर्त्याऐवजी गटाचा क्रमांक निमूटपणे तपासत राहिली असती आणि सर्वाधिकाऱ्यांची भलतीच यादी तिने खात्रीने छापली असती.

म्हणून तो 'एक्स' मला निरर्थक वाटत नाही. मजकूर साधा ठेवला की तो कोणालाही वाचता येतो. आणि पुष्कळांनी वाचला की तो लिहिणाऱ्याचा एकट्याचा राहत नाही. वाचकांनी रकाने मोजले, आणि त्या मोजणीनेच ते रकाने कायम केले.