सैनिकाची तहान

१९०० सालच्या फेब्रुवारी महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंतील पार्डेबर्ग येथें ब्रिटिश फौजेनें बोअर सेनापति क्रोनिए याला मॉडर नदीच्या कांठीं कोंडलें. तोफांच्या माऱ्यानें मेलेले बोअरांचे घोडे व बैल नदींतून वाहत येत. आणि तहानेनें व्याकुळ झालेले सैनिक तेंच पाणी पीत. १३ मार्च रोजीं ब्लूमफाँटेन शहर हातीं आलें. पण महिनाअखेर बोअरांनीं शहराचा पाणीपुरवठाच तोडला. मग जुन्या विहिरींचा आश्रय घ्यावा लागला आणि विषमज्वरानें थैमान मांडलें. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल हा तेथें क्रिकेटच्या मैदानावर उभारलेल्या इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा करीत होता. त्या युद्धांत शस्त्रांनीं सुमारें ८ हजार ब्रिटिश सैनिक मेले. रोगांनीं सुमारें १३ हजार!

पाणी शुद्ध करण्याची विद्या त्या वेळीं अवगत नव्हती, असें नाहीं. चिनी मातीच्या नळीची पाश्चर-चेंबरलँड गाळणी १८८४ पासून ठाऊक होती. पाणी उकळावें हा नियमही सर्वश्रुत होता. परंतु गढूळ पाण्यानें गाळणीचीं छिद्रें बुजत. उघड्या माळावर सरपण मिळेना, आणि उकळलेलें पाणी निवेपर्यंत धीर धरणार कोण? कोसचे कोस चालून आलेल्या शिपायाची तहान शास्त्रासाठीं थांबली नाहीं.

म्हणून शिपायाच्या खिशांत मावेल असा उपाय हवा होता. १९१७ सालीं डेकिन व डनहॅम यांनीं हॅलाझोनची गोळी पुढें आणली. ती पाण्यांत विरघळून क्लोरिनचें कार्य करी. अर्धा तास थांबलें म्हणजे पाणी पिण्याजोगें होई. दुसऱ्या महायुद्धांत अशा गोळ्या असंख्य सैनिकांजवळ होत्या.

तथापि गोळी म्हणजे सर्व रोगांवर रामबाण नव्हे. पाण्यांतील गाळ क्लोरिनची शक्ति खाऊन टाकतो. म्हणून पाणी आधीं निवळून फडक्यानें गाळावें लागतें. आमांशाच्या अमीबाचे कवचधारी जीव हॅलाझोनला सहसा दाद देत नाहींत. त्यांच्यासाठीं युद्धकाळांत आयोडिनच्या गोळ्यांचा शोध घेण्यांत आला. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा जंतु तर क्लोरिन व आयोडिन या दोहोंनाही पुरून उरतो. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं नळाच्या पाण्यांतून त्यानें सुमारें ४ लाख लोकांस आजारी पाडलें. तेथें खात्रीचा उपाय जुनाच: खळखळून एक मिनिट उकळी, २,००० मीटरांहून उंच प्रदेशांत तीन मिनिटें.

सुश्रुतसंहितेंत पाणी तापविणें सांगितलें आहे, आणि गढूळ पाण्यास निवळीचें बीही सांगितलें आहे. निवळणें हें डोळ्यांस दिसणाऱ्या मळाचें औषध, तापविणें हें न दिसणाऱ्या दोषाचें. पैकीं एक केलें म्हणून दुसरें टळत नाहीं. प्रवासी असो वा पूरग्रस्त, सरपण, गोळी, फडकें यांची निवड त्यानें तहान लागण्यापूर्वींच करून ठेवावी. मॉडर नदीच्या कांठीं ज्ञान होतें, साधनेंही थोडीं होतीं. वेळेची तजवीज मात्र कोणीं केली नव्हती.