साताऱ्याचा ‘देवाचा दरबार’

१८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीचा, अर्थात तिच्या दरमहा मुशाहिऱ्याचाही, त्याग करून संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा उभय येशूभक्तांस त्यात मुक्त प्रवेश दिला. ज्याने आपणांस तारले त्याची सेवा तनख्यावाचून, केवळ उपकृत अंतःकरणाने करावी, याहून निर्मळ कृतज्ञता मला तरी ठाऊक नाही. मिरजेस मिशनरी डॉ. वानलेसांचे रुग्णालय १८९४ पासून हेच ऋण शुश्रूषेच्या रूपाने फेडीत होते. टिळकांनी ते टाळ-मृदंगाच्या साथीने, अभंग-भजनांतून फेडले. १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांची पदे मराठी मंडळ्या उपासनेत आजही गातात.