संमतिपत्रावरील सही

सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत, महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात, मी सरकारी रुग्णालयाची वार्षिक तपासणी करीत होतो. प्रसूती विभागातील सिझेरियनचे केसपेपर चाळले. प्रत्येक संमतिपत्रावर सही वा अंगठा होता, म्हणून मी 'कागदपत्रे पूर्ण' असा शेरा मारला. परतताना जीपमध्ये लक्षात आले, की सह्या बहुतेक नवऱ्यांच्या होत्या आणि काही अंगठे सासूचे. जिच्या पोटावर छेद घेतला गेला, तिची सही पाहिल्याचे मला आठवेना. तरीही शेरा मी बदलला नाही.

ही पद्धत कायद्याने घालून दिली, असे मी तेव्हा समजत होतो. ते खरे नव्हते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९२ अन्वये, संमती मिळणे शक्यच नसेल तर रुग्णाच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नसे. २०२४ मध्ये आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे. पण हा अपवाद आणीबाणीच्या प्रसंगापुरता आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान पत्नीच्या शरीराबाबतचा निर्णय त्याने पतीच्या हाती दिलेला नाही. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती तेवढी आवश्यक मानली आहे.

घोळ झाला तो नियमावलीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत संमती कोणाची घ्यावी ते सांगताना आधी पती वा पत्नी येतात, मग अज्ञान रुग्णाचे पालक, आणि शेवटी स्वतः रुग्ण! वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला तर पतिपत्नी दोघांचीही संमती हवी. याउलट केंद्र सरकारच्या २००६ च्या नसबंदीविषयक मानकांनुसार जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. दोन्ही कागद दिल्लीचेच. अशा वेळी खालचा कर्मचारी काय करतो, हे प्रशासनात काम केलेल्यांना सांगायला नको. नंतर भांडायला येऊ शकेल अशा माणसाची सही तो आधी घेतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात तपशिलाने हाताळला. दिल्लीत १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीद्वारे तपासणी करून घेण्यासाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. न्यायमूर्ती रवींद्रन यांनी निकालपत्रात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाचा १९४९ चा निवाडा विचारात घेतला. तेथे सिझेरियन करताना डॉक्टरांना गर्भाशयात गाठी दिसल्या. पुढील गर्भारपण धोक्याचे ठरेल म्हणून त्यांनी त्याच वेळी नसबंदीही उरकली. जिवाला तात्काळ धोका नव्हता, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते; भूल दिलेलीच आहे ही सोय संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे त्या न्यायालयाने ठरवले. आपल्या न्यायालयानेही तोच मार्ग धरला. सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध असेल तर आईची सही तिची संमती ठरत नाही. भरपाई मात्र २५,००० रुपये, आणि डॉक्टरांनी आपली फी सोडायची. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, असे न्यायालयाचे मत पडले. ती रक्कम मला आजही खटकते.

पुढे देविका बिस्वास यांच्या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती लोकूर व लळित यांच्या पीठाने नसबंदी शिबिरांविषयी निकाल दिला. बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत एकाच दिवशी ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. स्त्रीला तिच्या भाषेत सर्व समजावून सांगावे, आणि तिचे मन बदलले तर तिला तसे सांगता यावे म्हणून सुमारे तासभर अवधी द्यावा, असे न्यायालयाने म्हटले.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या 'तिच्या भाषेत'चा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. माझ्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी, दुसऱ्या राज्यातील एका रुग्णालयात, सिझेरियनचे संमतिपत्र आले ते तिला वाचता न येणाऱ्या लिपीत. परिचारिकेने पेन माझ्यापुढे धरले. वडीलधारे म्हणून तुम्हीच करा, म्हणाली. मुलगी कळा सोसत होती, पण पूर्ण शुद्धीत होती. "बाबा, आधी मला कोणीतरी वाचून दाखवा," ती म्हणाली. शेवटी थोडेफार हिंदी जाणणाऱ्या आयाबाईंनी एकेक ओळ सांगितली. मुलीने दोन प्रश्न विचारले आणि सही केली. परिचारिकेने खाली जावयाचीही सही घेतली. नियम तसाच आहे, म्हणाली.