गोलंदाजाची उमेदवारी

इ. स. १७६० च्या ३ फेब्रुवारीस उदगीर येथे निजामाच्या सैन्याचा पराभव झाला. ही रणभूमी आज लातूर जिल्ह्यात मोडते. सदाशिवरावभाऊंच्या या विजयाचे श्रेय देताना मराठी इतिहासकारांना एका व्यक्तीचा उल्लेख टाळता येत नाही. ती व्यक्ती म्हणजे इब्राहीमखान गारदी. फ्रेंच सेनानी बुसी याच्या कवायती पद्धतीत तयार झालेला हा तोफखान्याचा सरदार काही काळापूर्वीपर्यंत निजामाच्याच चाकरीत होता. मराठ्यांचे घोडदळ चपळ होते, गनिमी काव्याचा अनुभव दांडगा होता. परंतु दुरून शत्रूची फळी फोडणारा मारा त्यांच्यापाशी दुबळा होता. ही उणीव भाऊंनी तयार माणूस आणून भरून काढली. पुढील वर्षी १४ जानेवारीस पानिपतावर तो माणूस शत्रूच्या हाती पडला, आणि त्याच्यामागे त्याच्या तोडीचा घरचा गोलंदाज उभा राहिला नाही.

येथे ‘गोलंदाज’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने योजिला आहे. मोल्सवर्थच्या कोशात गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा शिपाई. शब्दाचा पूर्वार्ध आपला गोळा, उत्तरार्ध फारसीतील ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे या धातूवरून आलेला. तीरंदाज, बर्कंदाज हे त्याचेच भाईबंद. क्रिकेटचा खेळ मराठीत आला तेव्हा हा लष्करी शब्द जसाच्या तसा मैदानावर उतरला, आणि त्याच्या साच्यावर ‘फलंदाज’ हा नवा शब्द पाडण्यात आला. वास्तविक फलंदाज फळी फेकीत नाही. पण सादृश्याच्या ओघात भाषा असा हिशेब ठेवीत नसते. ‘मारा’ हा शब्दही तोफखान्याचाच. एखाद्या संघाचा मारा बोथट आहे असे वर्तमानपत्र आजही लिहिते, तेव्हा उदगीरच्या वेळची भाषाच ते नकळत बोलत असते.

तेव्हा प्रश्नही तोच उरतो. मारा दुबळा असेल तर तो तयार माणसे विकत आणून सुधारावा, की ज्यांची परीक्षा अद्याप झालेली नाही अशा कोवळ्या मुलांच्या हाती चेंडू द्यावा? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये दोनदा शोधले गेले, आणि दुसऱ्या वेळी त्यात नांदेड-लातूरच्या परिसराचा संबंध आला.

महाराष्ट्राचा संघ फलंदाजीसाठी ख्यात, गोलंदाजीत मात्र बेताचा, ही ख्याती जुनी आहे. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पहिल्या वर्षी विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध स्वतः देवधरांनी, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २४६ धावा काढल्या. धावांचे असे डोंगर उभारणाऱ्या संघाला प्रतिपक्षाचे गडी बाद करणारी माणसे हवी होती. १९४०-४१ च्या हंगामात सदाशिव शिंदे हा सतरा वर्षांचा लेगस्पिन टाकणारा मुलगा या संघात खेळू लागला. विशीतला चंदू सरवटेही याच सुमाराचा.

शिंदे यांची पुढील कथा या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. १९४३-४४ मध्ये मुंबईविरुद्धच्या सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा कुटल्या. त्या डावात शिंदे यांनी १८६ धावा देऊन ५ बळी मिळविले. एवढ्या धावा गेल्यावर आजच्या काळी विशीतल्या गोलंदाजाची काय वाट लागली असती, याची कल्पना करावी! शिंदे यांच्याकडून चेंडू काढून घेण्यात आला नाही. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्ली येथील कसोटी सामन्यात इंग्लंडचे सहा गडी त्यांनी ९१ धावांत बाद केले, त्यामागे दहा-अकरा हंगामांचा हा सराव उभा होता. १९५५ साली, बत्तीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

तथापि एका शिंद्याने संघाचा मारा सुधारत नाही, हेही तितकेच खरे. १९४८-४९ मध्ये महाराष्ट्राने काठियावाडविरुद्ध ४ बाद ८२६ धावा केल्या, त्यांत भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३. त्याच हंगामात पुण्यास मुंबईविरुद्ध सामना झाला. मुंबईने दोन डावांत ६५१ आणि ८ बाद ७१४, म्हणजे एकंदर १३६५ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा करूनही सामना ३५४ धावांनी गमावला. एका सामन्यात हजारावर धावा करून हरणाऱ्या संघाचा दोष कोठे होता, हे सांगण्यास निवड समितीची गरज नाही.

या काळात नांदेड आणि लातूर या कथेच्या बाहेर होते. हैदराबाद संस्थानात क्रिकेटचे केंद्र राजधानीत होते. १९३० च्या सुमारास सुरू झालेली मोइनुद्दौला सुवर्णचषक स्पर्धा तेथे भरे, आणि १९३७-३८ चा रणजी करंडकही हैदराबादने नवानगरला एका गड्याने हरवून जिंकला. मनमाडहून नांदेडमार्गे जाणारी रेल्वे सिकंदराबादकडे नेत असे, तर लातूरची अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे कुर्डूवाडीकडे. एकाच मराठवाड्यातील या दोन गावांची तोंडे दोन दिशांना होती. १९५६ च्या १ नोव्हेंबरास मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि खेळाडूंचा रस्ता पुण्याकडे वळला. नांदेडहून पुणे सुमारे साडेचारशे किलोमीटर, लातूरहून सव्वातीनशेच्या आसपास. हे अंतर केवळ रस्त्याचे नव्हे. नांदेडने हॉकीचा लळा लावून घेतला, गुरू गोविंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा तेथे नावारूपास आली. क्रिकेट मात्र बहुतांशी गल्लीत आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या रानात, टेनिसच्या चेंडूने वाढले. टेनिसच्या चेंडूवर वेग शिकता येतो, यॉर्करही शिकता येतो. एका टप्प्यावर वीस षटके चेंडू ठेवण्याची सवय मात्र त्यातून लागत नाही. ती ‘लेदर’वर, तयार खेळपट्टीवर आणि चुका मोजणाऱ्या पंचांसमोरच लागते.

येथे आणखी एका जुन्या शब्दाकडे वळणे भाग आहे. ‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीपुरता उरल्यासारखा झाला आहे. पेशवाईच्या आणि निजामाच्या कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे पगाराविना, पुढे जागा मिळेल या आशेवर काम करणारा नवशिका. तो चुकत असे, रागे भरून घेत असे, पण त्याच्या चुकीने राज्य बुडत नसे. उमेदवारी ही पारखण्याचीच एक व्यवस्था होती. अननुभवी खेळाडूवर विसंबून मारा सुधारता येतो काय, या प्रश्नाचा निकाल बव्हंशी त्याच्या उमेदवारीची सोय कोणी केली होती यावर लागतो. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाणारी आघाडीची फळी दुबळी पडली, की व्यावसायिक संघ नवख्या तरुणांकडे वळतात. पण हे नवखे विद्यापीठांच्या मैदानांवरून आलेले असतात आणि शाळा सोडून किमान तीन वर्षे झाल्यावाचून त्यांना घेतले जात नाही. त्यांची उमेदवारी विद्यापीठे करवून घेतात. भारतातही १९३५ पासून चालत आलेल्या रोहिंटन बारिया करंडकाने एकेकाळी हेच काम केले.

आता दुसऱ्या प्रयोगाकडे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर याचा जन्म २००२ चा. तुळजापूर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२ च्या १६ ऑगस्टपर्यंत लातूर त्याच जिल्ह्याचा भाग होते, त्यामुळे लातूरकर त्याला आपल्यातला मानतात यात नवल नाही. २०२२ च्या ५ फेब्रुवारीस अँटिग्वा येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो वेगवान गोलंदाज होता. आठवडाभरात झालेल्या आयपीएलच्या लिलावात चेन्नईच्या संघाने त्याला १ कोटी ५० लाख रुपयांस घेतले. त्या दिवसापर्यंत महाराष्ट्राकडून मर्यादित षटकांचे मोजके सामने त्याच्या नावावर होते. रणजी सामना एकही नव्हता.

चेन्नईने त्या लिलावात दोन्ही मार्ग धरले होते. दीपक चहर या कसलेल्या गोलंदाजासाठी १४ कोटी मोजले गेले, आणि दुखापतीमुळे तो त्या हंगामात एकही सामना खेळू शकला नाही. संघ पहिले चार सामने हरला आणि अखेर नवव्या क्रमांकावर राहिला. या पडझडीत मुकेश चौधरी पुढे आला. मूळचा भिलवाड्याचा, पुण्यात वाढलेला हा डावखुरा गोलंदाज आरंभी महागडा ठरला. तरी त्याला खेळविण्यात आले, आणि १३ सामन्यांत त्याने १६ बळी मिळविले. त्यांतील ४ बळी पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर एकाच सामन्यातले. लोकांनी त्याला नवखा म्हटले. पण २०१७-१८ पासून तो महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळत होता. हंगरगेकरला त्या वर्षी एकही सामना मिळाला नाही.

२०२३ मध्ये मुकेश दुखापतीने बाहेर पडला आणि ३१ मार्चला अहमदाबादेस हंगरगेकरने पदार्पण केले. सामना चेन्नईने गमावला, पण ३६ धावांत साहा, साई सुदर्शन आणि विजय शंकर यांचे बळी घेऊन त्याने आपली योग्यता दाखविली. तीन दिवसांनी चेन्नईत लखनौविरुद्ध संघाने विजय मिळविला खरा, परंतु गोलंदाजांनी मिळून १३ वाइड आणि ३ नो-बॉल टाकले. हे असेच चालले तर गोलंदाजांना दुसऱ्या संघनायकाच्या हाताखाली खेळावे लागेल, अशा आशयाचा इशारा धोनीने सामन्यानंतर दिला. त्यानंतर हंगरगेकर त्या हंगामात पुन्हा मैदानावर दिसला नाही.

कल्याणचा तुषार देशपांडे याच दोन सामन्यांत अधिकच झोडपला गेला होता. अहमदाबादेस त्याच्या अवघ्या ३.२ षटकांत ५१ धावा गेल्या होत्या. त्याला मात्र वगळले गेले नाही. सोळा सामन्यांत २१ बळी घेऊन तो संघाचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला. त्याच्या मागे २०१६ पासूनचे मुंबईचे रणजी क्रिकेट होते. श्रीलंकेचा मथीशा पथिराना हंगरगेकरच्याच वयाचा आणि प्रथम श्रेणीच्या अनुभवाने तितकाच कोरा. तथापि त्याच्याकडे मुख्यतः अखेरच्या षटकांचे एकच काम सोपविले गेले, आणि १२ सामन्यांत त्याने १९ बळी मिळविले. २९ मे रोजी सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपलेल्या अंतिम सामन्यात चेन्नईने करंडक जिंकला. नवख्यांच्या बळावर मारा सुधारतो, असे या हंगामाने सिद्ध केले असे म्हणता येईल. पण कोणत्या नवख्यांच्या? ज्यांची उमेदवारी अन्यत्र झाली होती, किंवा ज्यांना संघानेच एक मर्यादित काम देऊन उमेदवारी करू दिली, त्यांच्या. तुळजापूरच्या मुलाची उमेदवारी दोन सामन्यांत, लाखो प्रेक्षकांच्या देखत, सुरू झाली आणि तेथेच थांबली. संघनायकाचा निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. करंडक त्याच्या बाजूने साक्ष देतो. उणीव त्यापूर्वीच्या वर्षांत आहे. जो वाइड चेन्नईत खटकला, तो नांदेड-लातूरच्या एखाद्या नियमित साखळी स्पर्धेत शंभर वेळा टाकून, शंभर वेळा सुधारून व्हावयास हवा होता. तशी स्पर्धा, तशी खेळपट्टी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी निवड समिती येथील मुलाला घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत मिळत नाही, तोवर तो पुण्यास जाईल, अथवा टेनिसच्या चेंडूवरच राहील.

वेगाविषयी शंका नव्हतीच. त्याच वर्षी १९ जुलैस कोलंबो येथे उदयोन्मुख खेळाडूंच्या आशिया चषकात पाकिस्तान ‘अ’ संघाविरुद्ध हंगरगेकरने ४२ धावांत ५ गडी बाद केले. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे लिलाव झाला. राजस्थानने देशपांडेसाठी साडेसहा कोटी रुपये मोजले, आणि हंगरगेकरला लखनौने ३० लाखांस घेतले.