नारळावरची कुस्ती आणि ५७ किलोचा पैलवान

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात आणि त्यांत दोनच गोष्टी येतात. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, आणि तिथं दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळाली नाही. दोन्ही खऱ्या आहेत. पण वाळवा तालुक्यात शाळामास्तर म्हणून आणि तालमीत वस्ताद म्हणून पोरं घडवण्यात माझा जन्म गेला, आणि मला या भाषणांत एक गोष्ट कायम कमी वाटते. गोळेश्वरचा हा पैलवान ५७ किलोचा होता, आणि आमच्या कृष्णाकाठी ५७ किलोच्या पैलवानाला कुस्तीवर पोट भरायला जागाच नव्हती.

जत्रेचं मैदान ज्यानं पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. दुपारी हलगी सुरू झाली की आधी बारकी पोरं उतरतात. रेवड्यांवर, नारळावर, नोटेवर कुस्त्या लागतात. ऊन कलतं तसे पैलवान मोठे होत जातात, इनाम मोठं होतं, आणि अंधार पडता पडता एक नंबरची कुस्ती लागते. पुसेगावचं मैदान घ्या, कुंडलचं घ्या, रीत तीच. जोड ठरवायची नजरेनं. वजनकाटा नाही, घड्याळ नाही. पाठ लागली की कुस्ती झाली. अंगानं लहान माणूस कितीही चपळ असला तरी त्याची कुस्ती चारच्या आत संपायची, आणि चार वाजता पंचांच्या हातात मोठी रक्कम नसायची. म्हणून प्रत्येक घर पोराच्या अंगावर पैसा लावायचं. दूध, तूप, बदाम, थंडाई. एक म्हैस त्याच्याच नावाची. ज्याचं अंग भरत नाही तो पोरगा विसाव्या वर्षी शेताकडं वळायचा, आणि त्याच्या अंगातला डाव त्याच्याबरोबर बांधावर जायचा. असे किती गेले, त्याची कुठं नोंद नाही. मला त्यांची फार हळहळ वाटते.

खाशाबा तसे गेले नाहीत, कारण त्यांची वाट शाळा-कॉलेजातून गेली. जन्म १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडचं टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. शालेय आणि विद्यापीठाच्या स्पर्धांत वजनी गट होते. तिथं काट्यावर उभं राहिलं की लहान माणूसही आपल्या गटाचा एक नंबर होऊ शकत होता. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोत उतरले, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले, आणि गादीवरच्या कुस्तीचा सराव नसताना सहावे आले.

गादी म्हणजे काय हे मातीत वाढलेल्या पोरालाच कळतं. मातीत पायाची बोटं रुततात, गादीवर बूट घालावे लागतात. मातीत घामावर माती चोळली की पकड बसते. गादीवर घामेजलेला हात हातातून निसटतो. आमच्याकडं जांघियाला धरून माणूस उचलता येतो, तिथं कपड्याला हात लावता येत नाही. एकलंगी, घिस्सा हे डाव गादीवर अर्धे होऊन जातात. ढाक मात्र टिकते. मान आणि हात कवळायचा, कंबर आत घालायची, आणि आपल्या अंगावरून माणूस फेकायचा. यात कपडा लागत नाही, रुतायला जमीन लागत नाही, लागतो तो क्षण साधणारा माणूस. खाशाबांची ढाक प्रसिद्ध होती ती उगीच नाही. कोल्हापुरात बेलापुरे गुरुजींसारख्यांनी आणि लंडनला रीस गार्डनर या अमेरिकन पैलवानानं त्यांच्याकडून मेहनत करून घेतली होती.

१९५२ साली राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, गावानं वर्गणी काढली. हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा पैलवान खाशाबांनी हरवला. मग समोर आले जपानचे शोहाची इशी. तेही १९२६ चेच. युद्धानंतर अमेरिकी अंमलात जपानच्या शाळांतून ज्युदोवर बंदी होती, आणि ज्युदोतली अनेक मुलं त्या काळात कुस्तीकडं वळली होती. म्हणजे एक देश ज्युदोच्या तातामीवरून गादीवर येत होता, दुसरा लाल मातीतून. लांबलेल्या त्या कुस्तीत खाशाबा गुणांवर हरले, चीत झाले नाहीत. इशींचं सुवर्ण हे त्या साली जपानचं एकमेव सुवर्ण ठरलं. खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हशी लढायला लावलं. नियमाचा अर्धा तास मागायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. तीही कुस्ती गेली, आणि कांस्य आलं. ६२ किलोत आपल्याच भागातले केशव माणगावे चौथे आले, त्यांचं नाव तर भाषणातसुद्धा येत नाही. यायला हवं.

कराडला बैलगाड्या जुंपून मिरवणूक निघाली. पण जत्रेच्या इनामावर हा माणूस जगू शकत नव्हता, पदक आणलं तरीही. १९५५ ला ते पोलिसात फौजदार झाले, बढतीला वर्षानुवर्षं थांबले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

आमच्या सांगलीकडच्या दोघांची कहाणी याच्या शेजारी ठेवून बघावी. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, कवठे पिरानचे मारुती माने १९६४ चे. दोघंही भारी अंगाचे, मैदानात शेवटची कुस्ती त्यांची. आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मान्यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही! पट काढण्यावर पोसलेल्या आमच्या मल्लांनी तिथं पदकं मिळवली, याचं मला आजही मोठं कौतुक वाटतं. आंदळकर १९६४ ला टोकियो ऑलिंपिकलाही गेले. या दोघांना जत्रा आणि गादी दोन्ही मिळाल्या. खाशाबांना एकच मिळाली, आणि तिच्यावर त्यांनी देशाला स्वतंत्र भारतातलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिलं. दुसरं यायला १९९६ उजाडलं, कुस्तीतलं तर २००८.

आज महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. जुने लोक गादीनं कुस्ती बिघडवली म्हणतात. मी म्हणत नाही. काटा आणि गादी आली म्हणून लहान अंगाचा माणूस उभा राहिला, आणि त्याच दारातून पुढं मुली आत आल्या. जत्रेच्या फडात मुलीला जोड कोण लावणार होतं? मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. तिच्या मागोमाग आमच्या तालमींत मुलींचे बाप पोरींना घेऊन विचारायला येऊ लागले आहेत, आणि पहिला प्रश्न विचारतात तो वजनी गटाचा.