अणुसंरचना : वाशीमचा काळा दगड, पालाश आणि ताम्रपट

अणुसंरचना : मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणाची, म्हणजे अणूची, आतली ठेवण. मधोमध प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे धनप्रभारित अणुकेंद्र आणि त्याभोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन, अशी ती थोडक्यात सांगता येते. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ या पाठात तिची पहिली गाठ पडते. पुढे बहुतेकांच्या लक्षात गोल कड्यांचे चित्र तेवढे उरते, आणि तेही पुरते खरे नाही. या नोंदीत वाशीम जिल्ह्यात सहज सापडणारे तीन पदार्थ उदाहरणाला घेतले आहेत: तांबे, खताच्या पोत्यातले पालाश आणि शेताखालचा काळा दगड. प्रोटॉन अणूचे नाव ठरवतात, इलेक्ट्रॉन त्याचे वागणे, आणि न्यूट्रॉन त्याचे वजन व पुष्कळदा त्याचे आयुष्य. यातले पहिले तांब्यावरून कळते, दुसरे पालाशवरून. तिसऱ्यासाठी दगडाकडे जावे लागते.

शब्दांविषयी : मराठीत मूलद्रव्याच्या कणाला अणू आणि अणूंच्या जुळणीला रेणू म्हणतात. हिंदीत त्यांना अनुक्रमे परमाणु आणि अणु म्हणतात. म्हणजे हिंदीतला अणु हा आपला रेणू. आपल्या अणुबॉम्बला हिंदी वर्तमानपत्र परमाणु बम म्हणते ते यामुळेच. दोन्ही भाषांतली पुस्तके शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्या मुलांचा इथे हमखास घोळ होतो, आणि तो घोळ रसायनशास्त्राचा नसून कोशकारांचा आहे. हे शब्द मुळात दर्शनांतले. वैशेषिक मतानुसार दोन परमाणू मिळून द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक, म्हणजेच त्रसरेणू. कवडशात तरंगताना दिसतो तो त्रसरेणू, असे मानले जाई. दिसणाऱ्या धुळीवरून न दिसणाऱ्या कणाकडे जाणारा हा तर्क देखणा आहे. पण त्यामागे तराजू नव्हता. जॉन डाल्टनने १८०३ ते १८०८ या काळात अणुसिद्धांत मांडला तो वायूंच्या आणि संयुगांच्या वजनांवरून, म्हणून नाव जुने असले तरी आजच्या अणूची वंशावळ तिथून सुरू होते.

अणुकेंद्राचा शोध : डाल्टनचा अणू भरीव गोळी होता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने त्याहूनही लहान ऋणप्रभारित कण दाखवला, तो इलेक्ट्रॉन. त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १/१८३६. मग उरलेला धनप्रभार कुठे असतो? थॉमसनच्या मते तो अणूभर पसरलेला होता. कलिंगडाच्या लाल गरात बिया रुतलेल्या असाव्यात, तसे त्यात इलेक्ट्रॉन. अर्नेस्ट रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ पार गेले, पण हजारोंत एखादा उलट फिरला. मऊ गरावरून असे काही माघारी येणार नाही. १९११ मध्ये रदरफर्डने निष्कर्ष काढला की अणूचा सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी एका अत्यल्प जागेत एकवटलेले आहे.

ही जागा किती अल्प, हे दहाचे घात लिहून कळत नाही. तांब्याचे अणुकेंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर त्याच हिशेबाने अणूचा व्यास शंभर मीटरच्या थोडा वर जातो. त्या वर्तुळात सव्वादोन एकरांच्या आसपास जमीन मावते. एवढ्या वावरात मधोमध एक दाणा, आणि ९९.९ टक्क्यांहून जास्त वजन त्या दाण्यात. बाकीच्या पसाऱ्यात २९ इलेक्ट्रॉन. (वावर सपाट असते आणि अणू चहूबाजूंनी गोल, एवढी सूट वाचकाने द्यावी.)

प्रोटॉन आणि मूलद्रव्याचे नाव : आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे १९३९ मध्ये या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. तो वासुदेव विष्णु मिराशी आणि महाजन यांनी प्रसिद्ध केला. त्यातला वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, दानाचा तपशील प्राकृतात. इतिहासकारांना त्यातली अक्षरे महत्त्वाची. या नोंदीला पत्रा पुरे. सोळाशे वर्षांत लिपी बदलली, भाषा बदलली, दान दिलेल्या गावावरचे राज्य कितीदा बदलले. पत्र्यातल्या तांब्याच्या प्रत्येक अणूत तेव्हाही २९ प्रोटॉन होते आणि आजही २९ आहेत. प्रोटॉनांच्या या संख्येला अणुअंक म्हणतात. तांबे वितळवा, ठोका, आम्लात विरघळवा, २९ चे २८ होत नाहीत. झाले तर ते तांबे राहणार नाही, निकेल होईल. आणि ३० झाले तर जस्त. सोनाराची भट्टी काय किंवा किमयागाराची काय, अणुकेंद्राला हात लावण्याइतकी ऊर्जा तिच्यात नसते.

त्याच पत्र्यातले सगळे अणू मात्र सारख्या वजनाचे नसतात. निसर्गात सापडणाऱ्या तांब्याच्या शंभर अणूंपैकी साधारण ६९ अणूंत ३४ न्यूट्रॉन असतात आणि ३१ अणूंत ३६. तांबे-६३ आणि तांबे-६५ ही तांब्याची समस्थानिके. दोन्ही स्थिर, आणि रासायनिक गुणांनी जवळजवळ सारखी. तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५५ असे अपूर्णांकात छापतात, ते या मिश्रणाची सरासरी म्हणून. कोणत्याही एका अणूत अर्धा न्यूट्रॉन नसतो. न्यूट्रॉन सापडायला १९३२ साल उजाडले. जेम्स चॅडविकला तो सापडेपर्यंत एकाच मूलद्रव्याचे अणू कमीजास्त वजनाचे का, याला समाधानकारक उत्तर नव्हते.

इलेक्ट्रॉन आणि अणूचे वागणे : नील्स बोरने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जेच्या कक्षा नेमून दिल्या. चुलीत मीठ पडले की ज्वाला पिवळी होते, तांब्याचे संयुग पडले तर हिरवीनिळी. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येताना दोन पातळ्यांमधल्या फरकाएवढीच ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकतो, त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्याचा रंग आपापला. के, एल, एम, एन अशा कवचांत जास्तीत जास्त २, ८, १८, ३२ इलेक्ट्रॉन मावतात. तांब्याचे २९ इलेक्ट्रॉन २, ८, १८, १ असे बसतात.

शेवटच्या कवचातले, आणि तांब्याच्या बाबतीत त्याच्या लगतच्या कवचातलेही, इलेक्ट्रॉन अणू सोडून जाऊ शकतात. सगळे रसायनशास्त्र या काठावर चालते. तांब्याच्या भांड्यात ताक कळकते, म्हणून घरोघर कल्हई होत असे. कथलाचा थर आंबटाला तांब्यापर्यंत पोचू देत नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावलेले तांबे आपल्याला मोरचुदाच्या निळ्या खड्यांत भेटते. विदर्भातला संत्रा बागायतदार मोरचूद आणि कळीचा चुना वेगवेगळा भिजवून बोर्डो मिश्रण करतो, आणि फवारणीआधी त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून पाहतो. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोकळे तांबे उरले, पाने करपतील. त्या थरात घडलेले असे: लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले, द्रावणातल्या तांब्याच्या आयनाने ते घेतले, आणि तो पुन्हा धातू झाला. आधी निळा, नंतर तांबूस, पण प्रोटॉन सर्वकाळ २९. शाळेच्या प्रयोगशाळेत हाच प्रयोग परीक्षानळीत करून दाखवतात. बांधावर तो जास्त लक्षात राहतो, कारण तिथे चुकले तर बागेला भोगावे लागते.

पालाश : नत्र, स्फुरद, पालाश ही खताच्या दुकानातली नावे अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम यांची. पोटॅशियमचा अणुअंक १९ आणि मांडणी २, ८, ८, १. इथे चौकस विद्यार्थी अडतो, आणि त्याने अडायलाच हवे. तिसऱ्या कवचात १८ मावतात, मग नवव्याला जागा असताना एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो? कड्यांच्या चित्राकडे याला उत्तर नाही. कवचांत उपकवचे असतात आणि पोटॅशियमच्या अणूत चौथ्या कवचातले पहिले उपकवच तिसऱ्यातल्या शेवटच्या उपकवचापेक्षा कमी ऊर्जेचे पडते, म्हणून ते आधी भरते. शिवाय इलेक्ट्रॉन कड्यावरून फिरतच नाहीत. कुठे असण्याची शक्यता किती, एवढेच पुंजयामिकी सांगते. कड्यांचे चित्र हिशेबाला सोयीचे आहे, त्याला अणूचा फोटो समजू नये.

तो एकटा बाहेरचा इलेक्ट्रॉन पोटॅशियम इतक्या सहज देऊन टाकते की हा धातू पाण्यात पडताच पेट घेतो. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने तो वेगळा करेपर्यंत कुणी पाहिलाही नव्हता. शेतात पडते ते पालाश इलेक्ट्रॉन गमावून शांत झालेले असते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात पोटॅशियमच्या आयनाकडे १८ इलेक्ट्रॉन, आणि एक इलेक्ट्रॉन घेऊन बसलेल्या क्लोरीनकडेही १८. आर्गॉन या निष्क्रिय वायूकडेही नेमके १८. इलेक्ट्रॉन मोजले तर तिघे सारखे. प्रोटॉन मोजले की १९, १७ आणि १८. म्हणून एक पिकाचे अन्न, दुसरे मिठातले क्लोराइड, आणि तिसरा कुणाशी न जुळणारा वायू. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो. तो पोटॅशियमचे धन आयन धरून ठेवतो आणि सोयाबीनच्या किंवा तुरीच्या मुळाला हळूहळू देतो.

न्यूट्रॉन, काळ आणि काळा दगड : पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादा, नेमके सांगायचे तर ०.०११७ टक्के, पोटॅशियम-४० असतो. त्याच्याकडे २१ न्यूट्रॉन, आणि तो अस्थिर. पन्नास किलोच्या पोटॅशच्या पोत्यात सेकंदाला साडेसात लाखांच्या वर असे अणू फुटत असतात. घाबरण्याचे कारण नाही. पोत्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातही पोटॅशियम आहेच. अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. फुटणाऱ्या शंभरांपैकी साधारण ८९ अणूंत न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि कॅल्शियम-४० उरते. बाकीच्या अकरांत उलट घडते: अणुकेंद्र आपलाच एक इलेक्ट्रॉन आत ओढते, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, १९ चे १८ होतात. पालाशचा आर्गॉन झाला. विळ्यावरच्या तांब्याने इलेक्ट्रॉन परत मिळवला होता. इथे नावच बदलले, आणि परतीचा रस्ता नाही.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या तालुक्यांत विहीर खणली की काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड लागतो. हा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन बहुतांशी उडून जातो, कारण तो कशाशीच बांधलेला नसतो. दगड थिजला की नवा तयार होणारा आर्गॉन स्फटिकांत अडकतो. तेव्हाच्या हजार पोटॅशियम-४० अणूंपैकी आजवर सुमारे ३६ फुटले असणार. त्यांतले ३२ कॅल्शियम झाले, चार आर्गॉन. हे प्रमाण मोजले की दगडाचे वय निघते. बेसाल्टमध्ये मुळात पोटॅशियम कमी, त्यातले हे समस्थानिक दुर्मीळ, फुटणाऱ्यांतला सुमारे नववा हिस्सा कामाचा. यंत्र फार बारीक मोजणारे लागते.

खडकांतून सुटलेला हा वायू हवेतही साठत गेला. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के आहे आणि तो जवळजवळ सगळा आर्गॉन-४०, म्हणजे मूळचा पालाश. सूर्यात मात्र आर्गॉन-३६ चे प्रमाण अधिक. याचा उपद्रव आवर्तसारणीला झाला. मेंडेलेव्हची १८६९ ची मांडणी अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने होती. १८९४ मध्ये रॅली आणि रॅमसे यांना आर्गॉन सापडला आणि त्याचे अणुवस्तुमान भरले ३९.९५, पोटॅशियमचे ३९.१०. क्रम पाळायचा तर आर्गॉन पोटॅशियमनंतर, सोडियमच्या घरात बसणार! १९१३ मध्ये हेन्री मोस्लीने क्ष-किरणांच्या मोजमापांतून दाखवले की क्रम वजनाचा नसून केंद्रातल्या धनप्रभाराचा आहे. दोन वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर याच काळ्या दगडात अशनीच्या आघाताने झालेले आहे. तापदीप्तीच्या पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे काढले गेले होते आणि बरीच वर्षे तेच छापले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात आघाताच्या उष्णतेने वितळलेल्या खडकाचे नमुने अणुभट्टीत ठेवून त्यांच्यावर न्यूट्रॉनांचा मारा करण्यात आला. या माऱ्यात पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचा आर्गॉन-३९ होतो, म्हणून पोटॅशियम आणि आर्गॉन वेगवेगळे न मोजता एकाच नमुन्यातून, एकाच वायूच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर घेता येते. विवराचे वय निघाले ५ लाख ७० हजार वर्षे, चूक ४७ हजार वर्षे इकडे किंवा तिकडे.