ड्यूको : अंगणात रंगलेल्या मोटारीची गोष्ट

सुताराकडे कपाट करायला टाकलं की शेवटी त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो, "पॉलिश करायचं की ड्यूको?" ड्यूको म्हणजे गनने मारलेला चकचकीत रंग, एवढं त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. पण मुळात हे एका अमेरिकन कंपनीने आपल्या मोटारीच्या रंगाला दिलेलं नाव आहे, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो १९८९ साली, दसरा झाल्यावर, सांगलीतल्या आमच्या घराच्या अंगणात.

वडील शाळामास्तर. त्यांनी १९७८ची प्रीमियर पद्मिनी सेकंडहँड घेतली होती. तिच्या दरवाज्यांच्या खालच्या कडांना गंज आला होता आणि टपावरचा रंग पापडासारखा सुटत होता. गॅरेजवाल्याने सांगितलेली रक्कम वडिलांच्या दोन पगारांच्या वर गेली. तेव्हा गल्लीतले पेंटरकाका म्हणाले, "मास्तर, रंग तुम्ही आणा, घासायला पोरं घ्या. कॉम्प्रेसर एक दिवस भाड्याने आणू. मी ड्यूको मारून देतो." त्या दिवाळीत आमची गाडी घरीच रंगली. यंदा त्याच गाडीला पुन्हा रंग द्यायची वेळ आली, तेव्हा मी काकांच्या त्या शब्दाचा माग काढत गेलो. मोटारीच्या रंगाचा सगळा इतिहास दोन गोष्टींभोवती फिरतो, असं त्यात दिसलं. एक, रंग सुकायला लागणारा वेळ. दुसरी, तो मारणाऱ्याचा श्वास. पहिलीवर भरपूर लिहिलं गेलं आहे. दुसरीची आठवण सहसा कोणी काढत नाही.

मोटार आली तेव्हा तिला रंगवायची पद्धत घोडागाडीचीच होती. तेलात घोटलेला रंग आणि त्यावर व्हार्निश, सगळं ब्रशने. एक हात द्यायचा, सुकू द्यायचा, घासायचा, मग दुसरा. तेलाचा रंग हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. चांगली गाडी रंगवून बाहेर पडायला आठवडे लागत. गाडीचे बाकीचे भाग झपाट्याने तयार होऊ लागले, तरी रंगवलेले सांगाडे धूळ बसू नये म्हणून बंद खोल्यांत वाट पाहत उभे असत.

हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा ती हिरवी, लाल, निळी, राखाडी अशी मिळत असे. १९१४ ते १९२५ या काळात मात्र ती फक्त काळी होती. त्या काळ्या रंगात डांबराच्या जातीचं द्रव्य असे. तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजून लवकर पक्का करता येत असे. फोर्डच्या काळ्या रंगामागे आवडीनिवडीपेक्षा कारखान्याची गरज मोठी होती.

ही अडचण सोडवली ती दारूगोळ्याच्या धंद्यातल्या कंपनीने. ड्यू पाँट ही मुळात बंदुकीची दारू करणारी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. त्यापासून बिनधुराची दारू होते, सिनेमाची फिल्म होते आणि ते विरघळवलं तर लाखेसारखा लेपही होतो. हे आधीपासून ठाऊक होतं. पण द्रावण इतकं दाट व्हायचं की पातळ करता करता त्यात रंगद्रव्यापुरती जागाच उरत नसे. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२०च्या सुमारास, कंपनीच्या न्यू जर्सीतल्या पार्लिन इथल्या फिल्मच्या कामात नायट्रोसेल्युलोज पातळ ठेवण्याची युक्ती हाती लागली. त्यातून आलेल्या रंगाचं नाव ड्यूको. जनरल मोटर्समध्ये ड्यू पाँटचा मोठा हिस्सा होता. त्यांच्या ओकलंड मोटारीचं १९२४चं मॉडेल याच निळ्या रंगात बाजारात आलं.

ड्यूको सुकतो तो फक्त त्यातला थिनर उडून गेल्यामुळे. जिथे आठवडे लागत तिथे तास पुरू लागले. रंगांच्या छटा वाढल्या. १९२७ साली जनरल मोटर्सने गाडीचं रूप आणि रंग ठरवण्यासाठी हार्ली अर्ल यांच्या हाताखाली वेगळा विभाग काढला. त्याच वर्षी फोर्डनेही मॉडेल टी बंद केली. पुढे मेक्सिकोचे भित्तिचित्रकार सिकेरोस यांनी हाच मोटारीचा रंग आणि हीच गन भिंतींवर वापरली. त्यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये चालवलेल्या कार्यशाळेत तरुण जॅक्सन पोलॉक होता.

या सगळ्यात गनचा उगम मला सर्वांत विलक्षण वाटतो. इतक्या लवकर सुकणारा रंग ब्रशने सपाट ओढता येत नाही, तो फवाऱ्यानेच मारावा लागतो. फवारा तयार होता. अमेरिकेत ओहायोतल्या टोलीडो गावी ॲलन डिव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबरी फुग्याचा फवारा बनवला. त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची गन काढली. घसा बरा करण्यासाठी जन्मलेलं यंत्र रंगाच्या कामाला लागलं, आणि त्याचा धूर पेंटरच्या घशात जाऊ लागला.

तोवर कारखान्यांनी पुन्हा वेगळी वाट धरली होती. भट्टीत भाजून पक्के होणारे कृत्रिम रेझिनचे इनॅमल आले. नवा पत्र्याचा सांगाडा सव्वाशे-दीडशे अंशांच्या भट्टीतून जाऊ शकतो. पण टायर, काचांची रबरं, गाद्या आणि वायरी बसल्यावर ती गाडी त्या भट्टीत घालता येत नाही. म्हणजे कारखान्याच्या पद्धतीने गाडी आयुष्यात एकदाच रंगते. त्यानंतरचा प्रत्येक रंग हा हवेवर सुकणारा, नाहीतर फार तर कोमट खोलीतला असतो. कारखाना आणि अंगण यांची फारकत इथे झाली, आणि अंगणाच्या वाट्याला ड्यूको राहिला.

आपल्याकडे हे अंगण फार वर्षं टिकलं, त्याला कारण आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन आणि मग फियाटच्या गाड्या निघू लागल्या. परवान्यांच्या त्या काळात गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. जी मिळाली ती पंचवीस-तीस वर्षं चालवायची, मुलाला द्यायची किंवा विकायची. त्यामुळे गाडी नवी करणं म्हणजे तिला रंग देणं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला पासिंगच्या आधी रंगाचा हात मिळे, तसा घरच्या गाडीला लग्नकार्याच्या आधी. पद्मिनीचं उत्पादन विसाव्या शतकाबरोबर संपत आलं. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आमच्या अंगणातल्या कामाचा कायदा काकांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. सहा दिवस घासायचं, एक दिवस मारायचं. पैसा रंगात फार जात नाही, श्रम घासण्यात जातात, आणि ते घरचे असले की काम स्वस्तात होतं. सुटलेला रंग खरवडला. गंज उघड्या पत्र्यापर्यंत काढला आणि त्यावर लगेच प्रायमर दिला. खड्ड्यांत पुटी भरली, ती पातळ थरांनी, कारण एकदम जाड भरली तर वरून सुकते, आतून ओली राहते आणि नंतर खचते. मग वॉटरपेपर, बादलीभर पाणी आणि लाकडाचा ठोकळा. ठोकळा नसला तर बोटांच्या रेघा पत्र्यावर उमटतात. ओलं घासण्याने धूळ उडत नाही, हा तेव्हा सोयीचा भाग वाटला. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिशाची संयुगं असत, हे पुढे वाचनात आलं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० अशी २०१६च्या नियमांनी घातली. त्याआधीचे थर कोरडे घासणं म्हणजे शिसं हुंगणं.

मुहूर्त दसऱ्यानंतरचाच का, याचंही शास्त्र आहे. थिनर भराभर उडतो तेव्हा पत्रा गार पडतो. हवा दमट असली तर त्यावर बाष्प धरतं आणि ड्यूको पांढरट पडतो. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की हे टळतं. मात्र त्याच दिवसांत दारात पणत्या असतात, आणि ड्यूकोचं कूळ बंदुकीच्या दारूचं. रंग मारला त्या संध्याकाळी आईने एकही पणती अंगणात लावू दिली नाही, सगळ्या मागच्या दारी मांडल्या.

ड्यूकोचा मोठा गुण असा की तो चूक माफ करतो. नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवून त्यात मिसळतो. ओघळ आला, माशी बसली, तर सुकल्यावर घासा आणि पुन्हा मारा. चमक गनमधून येत नाही, ती शेवटी रबिंग करून हातांनी आणावी लागते. म्हणून तो हौशी माणसाला जमतो. इनॅमलचं तसं नाही. जाड बसलं तर सुरकुत्या पडतात, आणि कच्च्या इनॅमलवर ड्यूको मारला तर खालचा रंग उठतो.

मग टू-पॅक आला. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. त्यावर आधारलेला रंग मारण्याआधी त्यात हार्डनर मिसळतात. तो सुकतो रासायनिक क्रियेने, चकाकी गनमधूनच घेऊन येतो, पेट्रोल सांडलं तरी खराब होत नाही. गॅरेजांना तो सोयीचा वाटला यात नवल नाही. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळच्या वायूचं नाव, मिथाइल आयसोसायनेट, आपण विसरलेलो नाही. हार्डनरमधली द्रव्यं वेगळी आणि तितकी जहाल नव्हेत, पण कूळ एक. त्यांच्या तुषारांनी माणसाला दमा जडतो, आणि एकदा शरीराने ते मनावर घेतलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. धंद्यातून होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत ब्रिटनमध्ये त्यांची गणना होते. धोक्याच्या मात्रेलाही त्यांचा वास येईलच असं नाही, म्हणून तिथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लावून, बंद कक्षात हे काम करायचं असतं.

आमचे काका तोंडाला ओला रुमाल बांधत. ड्यूकोचा थिनरही काही औषध नव्हे, पण तेव्हा निदान अंगण उघडं होतं. पुढे ते एका गॅरेजात टू-पॅक मारू लागले, रुमाल तोच. काही वर्षांनी आमच्या तीन पायऱ्या चढताना ते मधल्या पायरीवर थांबत. बिड्याही होत्या, त्यामुळे सगळा दोष मी रंगाला देणार नाही. पण बिडीला नको म्हणणारे आम्ही सगळे होतो. मुखवटा घ्या असं त्यांना कोणीच म्हटलं नाही, आणि कोणाला ते माहीतही नव्हतं.

यंदा गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे, दर पाच वर्षांनी असतं तसं. छटा तीच ठेवणार, म्हणजे आरसी बुकात बदल नको. दुकानदार म्हणाला, "साहेब, टू-पॅक न्या, एका दिवसात काम होतं. घरीच मारा." मी घरीच मारणार आहे, पण ड्यूको. चकाकी कमी मिळेल आणि हात दुखेपर्यंत रबिंग करावं लागेल. अंगण, कोरडी हवा आणि वाफांसाठी कोळशाच्या डब्या लावलेला मुखवटा एवढ्यात जे बसतं तेवढंच काम घरचं. टू-पॅकची हौस असेल त्याने तसा कक्ष आणि तशी हवा असलेल्या ठिकाणी गाडी न्यावी, आणि मारणाऱ्याने काय बांधलं आहे ते पाहून मग पैसे द्यावेत.

गेल्या रविवारपासून घासणं सुरू केलं आहे. ड्रायव्हरच्या दरवाज्यावर वॉटरपेपर फिरवला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. मधे पत्रा, मग कारखान्याचा प्रायमर, कुर्ल्याचा भाजलेला रंग, आणि बाहेर १९८९चा आमचा ड्यूको. हँडलच्या खाली एका जागी तीन समांतर रेघा निघाल्या. तिथे मी ठोकळा न घेता बोटांनी घासलं होतं आणि काकांनी वरून एक जास्तीचा हात मारून ते झाकलं होतं.